तुमच्या रायफलीला कोणता पेलेट मानवतो? इंदूरच्या नव्या नेमबाजांसाठी

एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन एअर रायफली घ्या. एकीतून जो पेलेट (एअर रायफलीची शिशाची छोटी गोळी) पाचही वेळा एकाच भोकातून जातो, तोच दुसरीत घातला की भोक पसरतं. दोन्ही रायफली उत्तम, पेलेटही उत्तम. नळीच्या आतल्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक असतो आणि तेवढा पुरतो. म्हणून ‘कुठल्या कंपनीचा पेलेट घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर रेंजवरचा एखादा जुना नेमबाज देऊ शकत नाही आणि कोचसुद्धा देऊ शकत नाहीत. ते तुमच्या रायफलीकडूनच काढून घ्यावं लागतं. कसं काढायचं, ते इथे क्रमानं सांगतो.

हे सगळं इंदूर आणि आसपासच्या त्या मुलामुलींसाठी आहे ज्यांनी नुकतीच दहा मीटर एअर रायफल सुरू केली आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, कारण पैसे त्यांचे जातात. आपल्या भागात नेमबाजीला जुनी बैठक आहे. इथून पंचवीसेक किलोमीटरवर महू. तिथल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधूनच विजय कुमार २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला गेले आणि रौप्यपदक घेऊन आले. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य अकादमीत घडला. आणि कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं, तेव्हापासून राजेंद्रनगर, सुदामानगरच्या मराठी घरांतूनही ‘रायफल सुरू करायची आहे, काय काय लागतं?’ अशी विचारणा होते.

आधी कायद्याचं

इंटरनेटवर परदेशातले व्हिडिओ बघून काही मुलं विचारतात की आपणच काडतुसं भरून घेतली तर? मोठ्या सेंटरफायर रायफलींमध्ये तिकडे ही रीत आहे. रिकामी केस (काडतुसाचं कवच), नवा प्रायमर (पेट देणारी टिकली), मोजून घातलेली पावडर, वर बुलेट. यातली एकेक गोष्ट थोडीथोडी बदलत जायचं आणि प्रत्येक वेळी ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या काही शॉटचा झुबका) मारून कशानं तो लहान होतो ते बघायचं. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तो गुन्हा आहे. नवख्यानं या वाटेला जाऊच नये.

आणि जायची गरजही नाही. पुढे तुम्ही ज्या .२२ रायफलीकडे जाल तिचं काडतूस रिमफायर असतं. पेट घेणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा त्या कडेवरच बसतो, त्यामुळे एकदा उडालेली केस पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. पन्नास मीटरचा जगज्जेतासुद्धा कारखान्यातली गोळीच वापरतो. त्याच्या हातात एवढंच असतं की वेगवेगळे लॉट (कारखान्यात एका खेपेत बनलेला माल) आपल्या नळीतून मारून बघायचे आणि जो जमला तो उचलायचा. एअर रायफलवाल्याचंही तेच.

एअर रायफलीपुरतं शस्त्र नियम २०१६ मधलं एक कलम लक्षात ठेवा: नळी ४.५ मिमीपर्यंत आणि पेलेटची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मॅच रायफलीचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा आणि सेकंदाला १७० मीटर वेगाचा, म्हणजे ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. परवाना लागत नाही याचा अर्थ खेळणं आहे असा नाही. तो पेलेट डोळा घालवू शकतो. घरच्या गच्चीवर, गॅलरीतून, कुत्र्या-कबुतरांवर असले प्रकार मुळीच नकोत. चाचणीसुद्धा रेंजवरच करायची.

चाचणी कधी करायची

पहिले पाच-सहा महिने करू नका. हे मी पैसे वाचवायला सांगत नाही, हिशेब सांगतो.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. दशांश गुणांत १०.९ मिळायला पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत हवं. तिथून पुढे दर पाव मिलिमीटरला गुणाचा एक दशांश जातो आणि अडीच मिलिमीटरवर १०.० उरतो. आता समजा तुमच्याकडे दोन पेलेट आहेत. एकाचे पाच शॉटचे ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सरासरी ५.७ मिमी येतात, दुसऱ्याचे ६.३ मिमी. रेंजवर या दोन भोकांकडे बघून कुणीही म्हणेल की पहिला पेलेट कितीतरी सरस आहे.

पण ज्याची साठ शॉटची मालिका ५९५ च्या घरात बसते, त्याचा स्वतःचा हात पेलेटपेक्षा कितीतरी जास्त हलतो. दोन्ही चुका सरळ बेरजेनं एकत्र येत नाहीत. मोठी चूक लहान चुकीला जवळपास गिळून टाकते. हिशेब मांडला तर सरस पेलेटानं त्याला साठ शॉटमागे दीडेक गुण मिळतो. तोच फरक ६२४ मारणाऱ्याला पावणेतीन गुणांपर्यंत मिळतो, आणि त्या पातळीवर पावणेतीन गुण म्हणजे फायनल किंवा घरचा रस्ता. म्हणून सुरुवातीला क्लबमध्ये सगळे वापरतात तो कुठलाही बऱ्यापैकी चपट्या तोंडाचा मॅच पेलेट घ्या आणि श्वास, ट्रिगर, पोझिशन यांवर काम करा. दीड गुण तिथे एका आठवड्यात मिळतो. मालिका ६०० ओलांडून सातत्यानं येऊ लागली की मग चाचणीला बसा.

रायफल ठीक आहे ना?

ढिल्या स्क्रूवर केलेली चाचणी म्हणजे वाया घालवलेले पेलेट. दस्त्याचे आणि ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचनं, रायफलीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानं कसून घ्या. डायॉप्टर (मागची साइट) आणि पुढची साइट हातानं हलवून बघा. नळीला काहीही टेकत नाही ना, हे बघा. सिलेंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेच्या नियमांत सिलेंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे आणि ती बघायची जबाबदारी नेमबाजाची असते. सेकंडहँड रायफल घेणाऱ्यांनी तर व्यवहार करण्याआधीच ती तारीख बघावी.

क्लबमध्ये क्रोनोग्राफ असेल तर दहा शॉटचा वेग मोजा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग पेलेटला दोष देतात. दहा मीटर जाईपर्यंत पेलेट साधारण १८ मिमी खाली पडतो. वेग एक टक्का कमीजास्त झाला की हा आकडा दोन टक्के बदलतो, म्हणजे सुमारे ०.३५ मिमी. सेकंदाला तीन-चार मीटरची चढउतार असेल तर उभ्या दिशेनं पाऊण मिलिमीटर तिथेच गेला, आणि कुठलाही पेलेट तो परत आणून देणार नाही. अशा वेळी रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि सील जाणकाराकडून तपासून घ्या, पेलेटचं नंतर बघू. नळीचं म्हणाल तर एक-दोन फेल्ट पेलेट मारून ती पुसून घ्या. ब्रश घालून घासू नका.

नमुने गोळा करणं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायची: ‘आर-टेन’ किंवा ‘फिनाले मॅच’ हे नाव म्हणजे एक पेलेट नव्हे. त्याच नावाखाली डोक्याचं माप ४.४९, ४.५०, कधी ४.५१ मिमी असं वेगवेगळं येतं आणि ते डब्यावरच्या छोट्या स्टिकरवर छापलेलं असतं. शिवाय प्रत्येक लॉट वेगळा. पेलेट डायमध्ये दाबून बनतात, डाय झिजते, बदलली जाते, आणि त्यातून निघणारा पेलेट किंचित बदलतो. म्हणून वहीत कंपनी, प्रकार, डोक्याचं माप आणि लॉट नंबर अशा चारही गोष्टी लिहायच्या. यातली एक राहिली तर पुढे तोच पेलेट पुन्हा मिळवता येणार नाही.

सुरुवातीला चार नमुने भरपूर झाले. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी यांपैकी दोन कंपन्यांचे, प्रत्येकी दोन मापांचे. पूर्ण डबे विकत घेऊ नका. एका डब्यात पाचशे पेलेट असतात आणि आपल्याला प्रत्येकातले पन्नास पुरतात. रेंजवरच्या जुन्या नेमबाजांना सांगा, ‘दादा, तुमच्या डब्यातले पन्नास देता का, चाचणीला हवेत.’ देतात. नेमबाज या बाबतीत मोकळ्या हाताचे असतात, आणि तुमच्या चाचणीचा निकाल ऐकायची त्यांनाही उत्सुकता असते. सगळी मापं इंदूरच्या दुकानात मिळतीलच असं नाही, तेव्हा चार पालकांनी मिळून बाहेरगावाहून मागवणं सोयीचं पडतं.

पेलेट हाती आले की पांढऱ्या कागदावर पसरून प्रत्येकाची मागची बाजू बघा. पेलेटची शेपटी पातळ शिशाची असते, डब्यात आपटून ती वाकते. दाबली गेलेली, कड तुटलेली, अंडाकृती झालेली बाजूला काढा. काही जण प्रत्येक पेलेट काट्यावर तोलतात. माझ्या मते नवख्यानं तो वेळ कोऱ्या टार्गेटवर होल्डिंग (शॉट न मारता नेम स्थिर धरून ठेवणं) करण्यात घालवावा. वाकलेल्या शेपटीनं होणारं नुकसान वजनातल्या बारीक फरकापेक्षा मोठं असतं, आणि ते डोळ्यांना दिसतं.

टेबल, पोती आणि बसण्याची पद्धत

चाचणी उभं राहून करायची नाही. हात जेवढा स्थिर तेवढा पेलेट उघडा पडतो. क्लबमध्ये रायफल पकडायचा शिकंजा असेल आणि कोच तो लावून देणार असतील तर त्यासारखं काही नाही. नसेल तर एक जड, न डुगडुगणारं टेबल आणि वाळूच्या दोन पिशव्या एवढ्यावर भागतं. पिशवी जाड कॅनव्हासची शिवून घ्या आणि वाळू चाळून, वाळवून भरा, नाहीतर खडे टोचतात आणि रायफल डोलते.

पुढची पिशवी दस्त्याच्या पुढच्या लाकडाखाली येते, नळीखाली कधीच नाही. प्रत्येक शॉटला ती त्याच जागी हवी. दस्त्यावर पेन्सिलीची खूण करा आणि पिशवीची कड त्या खुणेला लावा. मागची छोटी पिशवी बटखाली. गालाचा दाब, खांद्याचा दाब, ट्रिगरवरचं बोट, सगळं एकसारखं. रायफल डावीउजवीकडे कलू देऊ नका. पंखा बंद करा. आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर एअर रायफलची खोली पुढून उघडी असते, तिथे मे महिन्यात दुपारी लू आत येते. म्हणून सकाळची वेळ धरा आणि सगळी चाचणी एकाच बैठकीत पुरी करा. सकाळी एक पेलेट आणि दुपारी दुसरा असं केलंत तर पेलेट नव्हे, उन्हाचं माप घेतलंत.

मारायचं कसं

कुणीतरी सोबत हवं. आई, बाबा, भाऊ, कुणीही. त्यांनी चार छोट्या वाट्यांत चार नमुने ओतायचे, वाट्यांवर क, ख, ग, घ लिहायचं आणि कुठल्या वाटीत काय आहे ते आपल्याजवळच ठेवायचं. तुम्हाला चाचणी संपेपर्यंत कळता कामा नये. महागड्या डब्यातला पेलेट हातात आहे हे माहीत असलं की माणूस ट्रिगर जास्त जपून दाबतो, आणि मग जिंकतो तो आपला आदर.

प्रत्येक वाटी बदलली की पहिले पाच शॉट बाजूच्या जुन्या टार्गेटवर मारून टाका. आधीच्या पेलेटचं शिसं आणि तेल नळीत उरलेलं असतं, नव्याला आपला थर बसवायला तेवढे लागतात. मग पाच शॉटचा ग्रुप, कोऱ्या कार्डवर, प्रत्येक ग्रुपला वेगळं कार्ड. एकदा क, ख, ग, घ असा क्रम झाला की पुढची फेरी घ, ग, ख, क अशी उलटी. अशा चार फेऱ्या. चार नमुने, चार फेऱ्या, दर वेळी पाच सोडायचे आणि पाच मोजायचे, म्हणजे एकशे साठ शॉट. दीडदोन तास लागतात. क्रम उलटा करायचं कारण असं की शेवटी शेवटी तुम्ही थकलेले असता आणि तो थकवा एकाच पेलेटच्या वाट्याला येऊ नये. सिलेंडरचा दाब १०० बारच्या खाली जाऊ देऊ नका, मध्येच थांबून भरून घ्या.

ग्रुप टार्गेटच्या मध्यावर आला नाही तरी साइटला हात लावायचा नाही. वेगळा पेलेट थोडा वर किंवा बाजूला लागणारच. आपल्याला भोकाचा आकार मोजायचा आहे, जागा नव्हे. याच कारणानं इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरचे गुण इथे फसवतात: मध्यापासून सरकलेला घट्ट ग्रुप ९.८ दाखवतो आणि मध्यावरचा पसरट ग्रुप १०.२. चाचणीला कागदी कार्डच बरं, आणि तेही चांगल्या जाड मॅच कागदाचं. पातळ कागद फाटतो आणि फाटलेल्या कडेवर माप घेता येत नाही.

मोजणं, आणि निकालाची घाई न करणं

डिजिटल व्हर्नियर घ्या. सियागंजमध्ये हार्डवेअरवाल्यांकडे मिळतो. कार्ड उजेडासमोर धरा, भोकाची सर्वात लांब दिशा शोधा आणि बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्यातून ४.५ मिमी वजा केले की दोन सर्वांत दूरच्या शॉटच्या केंद्रांमधलं अंतर मिळतं. दोन्ही आकडे लिहा.

आता खरा कस लागतो. एक उदाहरण बघा. समजा ‘क’चे चार ग्रुप ५.६, ६.४, ५.९ आणि ६.१ मिमी आले. ‘ख’चे ५.२, ६.९, ६.६ आणि ६.३. रेंजवर ‘ख’च्या त्या ५.२ च्या कार्डाचा मोबाइलवर फोटो निघेल, घरी आजीला दाखवला जाईल, आणि दुसऱ्या दिवशी ‘ख’चे दहा डबे मागवले जातील. पण सरासरी काढा: ‘क’ ६.० आणि ‘ख’ ६.२५. सर्वांत लहान ग्रुप ज्याचा, तोच सरासरीत मागे आहे.

बरं, मग ‘क’ जिंकला का? तेही नाही. पाच शॉटचा ग्रुप स्वभावानंच चंचल असतो. तोच पेलेट, तीच रायफल, काहीही न बदलता मारलं तरी केंद्रांमधलं अंतर सरासरीच्या सुमारे पाव पट इकडेतिकडे होत राहतं. चार ग्रुपांच्या सरासरीत ही अनिश्चितता अर्ध्यावर येते, संपत नाही. वरच्या उदाहरणात केंद्रांमधलं अंतर एकाचं १.५ मिमी आणि दुसऱ्याचं १.७५. हा फरक त्या चंचलतेच्या पोटातच बसतो. प्रामाणिक निकाल एवढाच की ‘क’ आणि ‘ख’ सध्या बरोबरीत. त्याच बैठकीत ‘ग’ची सरासरी ७.५ आली असेल तर तो मात्र नक्की बाद, त्याला पुन्हा संधी द्यायची गरज नाही. पहिल्या दिवसाचं काम वाईट पेलेट ओळखून काढून टाकणं हेच आहे, आणि ते तो दिवस चोख करतो.

उरलेल्या दोघांची दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडी लावा, या वेळी प्रत्येकी आठ-दहा ग्रुप. आणि पाच शॉटच्या ग्रुपची तुलना पाचशीच करा. दहा शॉटचा ग्रुप त्याच पेलेटचा असूनही साधारण पाव पट मोठा दिसतो, कारण जितके जास्त शॉट तितकी एखादा लांब जायची शक्यता जास्त. दहा ग्रुपांनंतरही दोघे बरोबरीत असतील तर खुशाल स्वस्त असेल तो घ्या, किंवा जो तुमच्या विक्रेत्याकडे नेहमी मिळतो तो.

ग्रुपच्या आकाराकडेही बघा. सगळेच पेलेट उभ्या रेषेत पसरत असतील तर संशय वेगावर, म्हणजे दाब आणि रेग्युलेटरवर घ्या. चारांतला एकच उभा पसरत असेल तर तो पेलेट त्या नळीत सैल किंवा घट्ट बसत असण्याची शक्यता आहे. चार शॉट एका भोकात आणि पाचवा लांब, असं वारंवार एकाच वाटीत झालं तर त्या वाटीतल्या पेलेटच्या शेपट्या पुन्हा तपासा. पण तो पाचवा शॉट ‘माझ्याकडून गेला’ म्हणून मापातून वगळू नका. ट्रिगर दाबताना, टार्गेटवर काय झालं ते बघायच्या आधी, मोठ्यानं ‘गेला’ म्हणालात तरच तो तुमचा. भोक बघून आठवलेलं कारण धरायचं नाही.

ठरला पेलेट, पुढे काय

वाट्यांचं गुपित आता उघडा. जो ठरला त्याच लॉटचे, त्याच मापाचे डबे मागवा. विक्रेत्याला फोनवर लॉट नंबर वाचून दाखवा आणि डबा आल्यावर स्टिकर जुळवून बघा. रोज साठ-सत्तर शॉट मारणाऱ्याला आठवडा-दीड आठवड्यात एक डबा लागतो, तेव्हा सगळा सराव त्या महागड्या पेलेटवर करणं बहुतेक घरांना परवडणारं नाही. सरावाला साधा, आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे व प्रत्यक्ष स्पर्धा निवडलेल्या लॉटवर, असा बेत ठेवा. पेलेट बदलला की साइट पुन्हा लावायला लागते, म्हणून हा बदल स्पर्धेच्या आदल्या दिवशी करू नका. राज्य स्पर्धा आणि तिच्या पुढची मावळणकर स्पर्धा यांच्या तारखा आधी कॅलेंडरवर मांडा आणि मागे मोजत या. (ही स्पर्धा ज्यांच्या नावानं भरते ते गणेश वासुदेव मावळणकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष. जन्म बडोद्याचा. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांनी हे नाव माहीत करून घ्यावं.)

डबे घरात कपाटात, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात ओल लागली की शिशावर पांढरी भुकटी धरते, तसला पेलेट नळीत घालायचा नाही. डब्यातला फोम काढून टाकू नका, तो शेपट्या वाचवतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पेलेटची पिशवी ठेवून पोहे-जलेबी खायला जाणं टाळा, आणि गेलातच तर आधी साबणानं हात धुवा. हे शेवटचं मी फार गंभीरपणे सांगतो. शिसं विषारी आहे आणि लहान मुलांच्या शरीराला ते जास्त बाधतं. पेलेट ओठात धरून ठेवायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा.

पुन्हा चाचणी कधी? लॉट संपला की, रेग्युलेटरचं काम झालं की, किंवा वेग बदलून घेतला की. एक स्पर्धा वाईट गेली हे कारण नव्हे.

पन्नास मीटरला जाल तेव्हा

पद्धत हीच, फक्त हत्यार आणि जबाबदारी दोन्ही मोठी. .२२ रायफल आणि तिची काडतुसं परवान्याच्या आणि क्लबच्या नियमांतच हाताळायची, कोच हजर असल्याशिवाय नाही. मॅचची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो, म्हणजे टार्गेटपर्यंत जाताना ती आवाजाची सीमा ओलांडताना डळमळत नाही. दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. इथे लॉटचा फरक एअर रायफलीपेक्षा ठळक दिसतो. त्यामुळेच मोठे उत्पादक स्वतःची चाचणी रेंज ठेवतात, एलीची बर्मिंगहॅमला आणि लापुआची जर्मनीत शोनेबेकला. नेमबाज रायफल घेऊन जातो, ती शिकंज्यात बसवतात, एकामागून एक लॉट मारतात आणि जमलेला लॉट तो तिथेच विकत घेतो.

आपल्याला क्लबमध्ये जे चार-पाच लॉट उपलब्ध असतील तेवढ्यांतूनच निवड करावी लागते. तरी करावी. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं, म्हणून कंपनी बदलली की पाच नव्हे, दहा-पंधरा गोळ्या आधी सोडून द्या. ग्रुप दहा-दहाचे मारा. वाऱ्याचे झेंडे बघत बसण्यापेक्षा पहाटे, वारा उठायच्या आधी रेंजवर पोचा. हिवाळ्यातल्या इंदूरच्या थंडीत काढलेला निकाल एप्रिलमध्ये एकदा पडताळून घ्या, कारण तापमानानं गोळीचा वेग बदलतो. आणि लॉट ठरला की त्याच दिवशी क्लबच्या सचिवांना नंबर लिहून द्या आणि तुमच्या वर्षभराच्या गरजेएवढ्या पेट्या त्याच लॉटच्या राखून ठेवायला सांगा. तो लॉट एकदा संपला की पुन्हा बनत नाही.